सिंकखालची चक्की

आमच्या स्वयंपाकघरात सिंकच्या खाली एक मशीन आहे. तिला इंग्रजीत काय म्हणतात ते मुलीने सांगितलं होतं, पण आम्ही तिला चक्कीच म्हणतो. भाजीची देठं, साली, ताटातलं उरलंसुरलं सिंकच्या भोकातून आत ढकलायचं, नळ सोडायचा, बटण दाबायचं. आत सगळं दळलं जातं आणि पाण्याबरोबर नळीतून निघून जातं. ऐकायला सोपं आहे. पण घरात कुठलीही सोपी गोष्ट आली की मला धास्ती वाटते, कारण ती सोपी ठेवण्याचं अवघड काम शेवटी माझ्याच गळ्यात पडतं.

कंपनीच्या क्वार्टरमध्ये होतो तोवर कचऱ्याचा विचार करावा लागला नाही. मागच्या अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड होतं, त्याच्याखाली एक खड्डा होता, साली त्यात जायच्या. शिळी पोळी, पातेल्याच्या बुडाची खरवड यांसाठी एक गाय ठरलेल्या वेळी फाटकाशी येऊन उभी राहायची आणि मला उशीर झाला तर शिंगाने फाटक वाजवायची. मग रिटायरमेंट आली, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही जुनवानी भागात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. चौथ्या मजल्यावर गाय येत नाही. कचऱ्याची गाडी खाली येते, भोंग्यावर गाणं वाजवत. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. पण ते गाणं ऐकून मी चप्पल शोधेपर्यंत गाडी पुढच्या गल्लीत पोचलेली असायची, आणि मी जिन्यात डबा घेऊन उभी.

डबा खाली नेण्याचं काम आधी माझ्या यजमानांकडे होतं. त्यांना मी इथे 'हे' म्हणेन, कारण इतकी वर्षं तेच म्हणत आले आणि आता या वयात नाव घ्यायचं म्हणजे उखाणाच होईल. हे पोलादाच्या प्लांटमध्ये होते, रोलिंग मिलच्या मेंटेनन्सला. मी शाळेत गणित शिकवत होते. म्हणजे घरात एक माणूस मशीन दुरुस्त करणारा आणि एक माणूस माणसं दुरुस्त करणारी. माझं काम कधी संपलंच नाही, असं ते म्हणायचे.

रिटायर झाल्यावर थोड्याच काळात यांना लकव्याचा हलका झटका आला. देवाच्या दयेने पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजव्या हाताची पकडसुद्धा बऱ्यापैकी परत आली. परत आली नाही ती त्या हाताच्या बोटांची जाण. गरम काय, थंड काय, टोचतंय की नाही, त्या बोटांना समजेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कदाचित नाहीही येणार. डॉक्टरांचं 'कदाचित' मी घरी आणलं आणि त्याच्यावर झाकण ठेवलं. यांच्यासमोर तो विषय कधी काढला नाही, त्यांनीही नाही.

याच सुमारास हैदराबादहून मुलगी आली आणि जिना, डबा, भोंगा हे सगळं पाहून तिने चक्की बसवून घेतली. बसवणारा माणूस सिंकखाली आडवा झाला तेव्हा हे त्याच्या शेजारी जमिनीवर बसले ते उठेचनात. आजारपणानंतर यांचे डोळे तसे चमकलेले मी पहिल्यांदा पाहिले. तो माणूस गेल्यावर त्यांनी मला सगळं पुन्हा समजावून सांगितलं, जणू मशीनचा शोध त्यांनीच लावला होता.

"आत पातं नसते," ते म्हणाले. "लोकाइले वाटते मिक्सरसारखं पातं हाय. एक थाळी फिरते, थाळीवर दोन ठोकळे हायेत, ते माल भिंतीवर फेकतात. भिंत घासून काढते. म्हून पाणी आधी, माल मंग. आन् माल बंद झाल्यावरबी पाणी थोडं चालू ठेवाव लागते, नाही तं नळीत चोथा बसते."

मग काही दिवस चक्की त्यांची झाली. मुनग्याच्या चघळलेल्या शेंगा टाकायच्या नाहीत, धागा धरतात. मक्याच्या कणसाची पानं नाहीत. कांद्याची वरची साल नाही. आंब्याची कोय तर नाहीच नाही. उरलेला भात मूठभर चालेल, पातेलंभर टाकला तर नळीत फुगून बसेल. तेल-तूप कागदाने पुसून डब्यात टाकायचं, आत सोडायचं नाही. नळाचं पाणी थंडच हवं, कारण गरम पाण्याने चिकट पातळ होतं आणि पुढे नळीत जाऊन गोठतं. आणि काहीही झालं तरी आत हात घालायचा नाही, चमचा नाही, घातलाच तर चिमटा, तोही मशीन बंद असताना. माझा पापड भाजायचा लांब चिमटा त्यांनी या कामी लावला आणि मला नवा आणायला लावला. मी कुरकुरले, पण खरं सांगते, मला बरं वाटत होतं. सकाळी चहा झाला की ते सिंकपाशी उभे राहायचे आणि आदल्या रात्रीच्या आमटीतल्या कढीपत्त्यापासून प्लांटमधल्या राजकारणापर्यंत कशावरही बोलायचे.

आणि मग तो कढईचा दिवस आला. मी भजी तळून गॅस बंद केला होता आणि दाराशी कोणी आलं म्हणून बाहेर गेले होते. परत आले तर यांनी कढई उचलून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवली होती, उजव्या हाताने, कान धरून, कापडाशिवाय. चेहऱ्यावर काहीच नाही. मला मदत केली म्हणून थोडे खूशच होते. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि किंचाळले. आपल्याला भाजलंय हे त्यांना माझ्या किंचाळण्यावरून कळलं.

त्या दिवशी मी हुकूम काढला. गॅसला हात लावायचा नाही, विळी नाही, इस्त्री नाही, चक्की नाही. चक्कीचं नाव घेतल्यावर ते पहिल्यांदा बोलले.

"चक्कीत हात जातच नाही. कावून बंद करून राहिली?"

"कढईतबी हात जात नव्हता," मी म्हटलं. "गेला ना?"

मुलगी फोनवर माझ्याच बाजूने बोलली, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, जशी ती घाबरली की बोलते. हाताला पट्टी बांधून हे दोघींचं ऐकत बसले होते आणि आमच्या दोघींपैकी कोणीही त्यांना एक शब्द विचारला नाही.

पुढे काही दिवस मी चक्की चालवायला लागले की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. "पाणी आधी." "थोडं थोडं टाक." "आता बंद नको करू, पाणी जाऊ दे." मला शिकवलेलं आवडत नाही, जन्मभर मीच शिकवलं आहे. एकदा मी फटकन म्हणाले, "मले येते. बसा तुमी." त्यानंतर ते दारातही आले नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले. पेपर मांडीवर असायचा, पण पान उलटल्याचा आवाज यायचा नाही. मला वाईट वाटायचं. एका बाजूला त्यांना घरात एखादं तरी काम स्वतःचं हवं होतं, दुसऱ्या बाजूला मला त्यांची बोटं हवी होती. मी बोटं निवडली. वर देवाला सांगितलं, की माणूस गप्प झाला तर झाला, शाबूत तर आहे.

अशात भादव्यात महालक्ष्म्या आल्या. आमच्या विदर्भातल्या घरांमध्ये हा सण म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा. पहिल्या दिवशी दोघी बसतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी उठतात. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळी, अंबील, वडे, कटाची आमटी, आणि संध्याकाळी पंगत. क्वार्टरमध्ये ही पंगत अंगणात मंडप टाकून व्हायची. फ्लॅटमध्ये कसं जमेल म्हणून मी बिचकत होते, पण गोंदियाहून माझी नणंद आली आणि तिने पदर खोचला, मग मला बिचकायलाही फुरसत मिळाली नाही.

नणंद यांच्याहून लहान, पण देवाधर्माच्या बाबतीत घरात सर्वांत मोठी. चक्की पाहून ती आधी दचकली. "काय वो वयनी, लक्ष्मी घरात बसली आन् तुमी अन्न दळून मोरीत सोडून राहिले?" मी म्हटलं, बाई, नैवेद्याचं सोडत नाही, तो पान भरून खाली गायीला नेऊ, हिच्यात फक्त साली आणि देठं जातात. ते तिला पटलं. इतकं पटलं की सकाळी सोळा भाज्या चिरून झाल्यावर ती स्वतःच साली ढकलायला लागली. पाणी आधी, माल मग, सगळं बरोबर. बरोबर करणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवला आणि पुरण वाटायला बसले.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. महालक्ष्म्यांपुढे सुताचं पोतं ठेवतात. पांढरं सूत सोळा पदरी करून हळदीच्या पाण्यात रंगवायचं, गाठी मारायच्या आणि उठवणीच्या दिवशी घरातल्या बायकांनी ते गळ्यात घालायचं. हे रंगवायचं काम नणंदेचं. तिने एका पितळी गंजात, म्हणजे खोल पातेल्यात, हळद कालवली, सूत भिजवलं, गाठी मारून देवघरात नेऊन ठेवलं. कमी पडू नये म्हणून सूत जास्तीचं घेतलं होतं आणि उरलेली एक लडी गंजाच्या बुडाशी तशीच राहिली होती. हळदीचं पाणी इतकं दाट, की बुडाशी काही आहे हे कोणाला दिसणार? नणंदेने गंज सिंकमध्ये उपडा केला. वरून लाल भोपळ्याच्या साली होत्याच. तिने नळ सोडला आणि बटण दाबलं.

चक्की दोन घास घेतल्यासारखी फिरली आणि मग नुसती गुणगुणायला लागली. फिरेना, थांबेना. मी पुरणाच्या हातांनी धावले आणि बटण बंद केलं. तोवर सिंकमध्ये पिवळं पाणी चढलं होतं आणि त्यावर साली तरंगत होत्या. ओट्यावर सोळा भाज्या चिरलेल्या, एकीलाही फोडणी नाही. डाळ धुवायची होती, तांदूळ धुवायचे होते, घरात दुसरं सिंक नाही.

"मी काही नाही केलं वो," नणंद म्हणाली. हे वाक्य मी शाळेत रोज ऐकलेलं आहे.

मी प्लंबरला फोन लावला. सणाचा दिवस, तो दुर्गला आपल्या सासुरवाडीला गेला होता. उद्या येतो म्हणाला. मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "मम्मी, हाथ मत डालना. और पापा को तो बिल्कुल मत करने देना. प्रॉमिस कर." मी प्रॉमिस केलं. फोन स्पीकरवर होता, कारण माझे हात पुरणाचे होते, आणि मी मागे वळून पाहिलं तर हे दारात उभे होते.

त्यांनी ते ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण मी संतापलेली होते, चक्कीवर, नणंदेवर, मुळात महालक्ष्म्यांवरसुद्धा थोडीशी, आणि अशा वेळी माझ्या तोंडून चांगलं काही निघत नाही. ते आत आले नाहीत, बाहेरही गेले नाहीत. नुसते उभे राहिले.

शेवटी नणंदच म्हणाली, "दादा, तू कावून उभा? एवढ्या मोठ्या मिलच्या मशीन सुधरवल्या, हे डबडं नाही सुधरत का तुह्याच्यानं?"

मी म्हटलं, "त्याइले नको सांगू, बाई. त्याइचा हात—"

"माहित हाय," हे म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. आत आले, ओट्याला धरून हळूहळू खाली बसले आणि सिंकखालचं कपाट उघडलं. मी आवाज चढवायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी पहिली गोष्ट केली ती अशी, की डाव्या हाताने चक्कीचा प्लग भिंतीतून उपसला आणि वायर ओढून तो कपाटाच्या मुठीवर, माझ्या समोर अडकवला.

"दिसून राहिला का?"

"काय?"

"प्लग. दिसते ना तुले?"

"दिसते."

"मंग तो तिथंच राहीन. तुह्या डोळ्यासमोर. नाही दिसला तं पयले हात बाहेर काढजो."

"माझा हात?" मी म्हटलं.

"मंग कोनाचा?" ते म्हणाले. "वरून तूच करशीन ना. मी खालून फिरवतो."

मला वाटलं होतं ते हात घालायला आले आहेत. आता भांडण होणार, पंगत बुडणार, बोटं जाणार, हे सगळं मी मनात क्रमाने मांडूनही ठेवलं होतं. गणिताच्या बाईंचं गणित पहिल्याच पायरीला चुकलं.

मी मगाने पिवळं पाणी उपसून बादलीत काढलं. साली चिमट्याने काढल्या. नणंदेने मोबाइलचा उजेड धरला. आत थाळीच्या कडेने पिवळाजर्द धागा गुंडाळलेला दिसला.

"अगं बाई," नणंद म्हणाली, "हे तं माहं सूत!" आणि तिने लगेच देवघराकडे पाहून कान धरले.

चक्कीच्या बुडाशी मधोमध एक छोटं भोक असतं, त्यात सहा बाजूंची वाकडी चावी बसते. ती खालून फिरवली की आतली थाळी मोटरशिवाय हाताने फिरते. ही चावी बसवणाऱ्या माणसाने मशीनबरोबर दिली होती आणि ती कुठे आहे हे या घरात फक्त यांना माहीत होतं. ते पाठीवर आडवे झाले, डोकं कपाटात, पाय फ्रीजपर्यंत, आणि डाव्या हाताने चावी लावली. मी वरून चिमट्याने धाग्याचं टोक पकडलं. टोक आलं, पुढे येईना. थाळी मागे फिरवल्याशिवाय गुंता सुटणार नव्हता. चिमटा निसटत होता, म्हणून मी चिमटा ठेवला आणि दोन बोटं आत घातली. त्या ठोकळ्याचा गार लोखंडी कोपरा माझ्या बोटाला लागला आणि मी झटकन प्लगकडे पाहिलं. तो समोर लटकत होता, तरी पुन्हा एकदा पाहिलं.

मी टोक सोडवून बोटं बाहेर काढली. खालून आवाज आला.

"हात बाहेर?"

मी मान हलवली. कपाटात डोकं घातलेल्या माणसाला मान दिसत नाही, पण मला तेव्हा सुचलं नाही. नणंद म्हणाली, "बाहेर हाय दादा, फिरव."

चावी हलली नाही.

"दादा, फिरव ना. बाहेर हाय म्हनलं."

"तुले नाही विचारलं," हे खालून म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. "जिचा हात हाय, तिनंच सांगाव लागते. दुसऱ्याच्या जबाबावर आमी मिलमधे रोल नाही फिरवला कधी. आता कसा फिरवीन?"

मी सिंकवर वाकले होते आणि सिंकच्या कडेवरून मला खाली त्यांची छाती दिसत होती. उजवा हात त्यांनी छातीवर ठेवून दिला होता, झोपलेल्या लेकराचा ठेवावा तसा, मशीनपासून लांब. इतक्या वेळात तो त्यांनी एकदाही मशीनजवळ नेला नव्हता. ते कोणाला दाखवायला केलेलं नव्हतं. तिथे खाली त्यांना कोण पाहणार होतं?

कढईच्या दिवसापासून त्यांच्या हाताचा जबाब मी देत आले होते. डॉक्टरांना मी, मुलीला मी, शेजाऱ्यांना मी. हात बाहेर की आत, जमतं की नाही जमत, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. बोटांची जाण गेली होती, आणि मी गृहीत धरलं होतं की समजसुद्धा गेली. माझ्या या माणसाला स्वतःच्या हाताबद्दल माझ्याहून कितीतरी जास्त माहीत होतं आणि तो एवढे दिवस गॅलरीत बसून होता.

"तू हायेस का?" खालून आवाज आला.

"हाय," मी म्हटलं. "बाहेर हाय. हात बाहेर हाय."

मग चावी फिरली.

असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. मी धागा ओढायची, अडला की हात काढायची, ते विचारायचे, मी सांगायची, मग थाळी जराशी मागे फिरायची. एकदाही त्यांनी न विचारता चावी हलवली नाही. शेवटी सगळं सूत माझ्या हातात आलं, ओलं, गोळा झालेलं, तरी रंग मात्र झकास. नणंदेने ते धुऊन तुळशीच्या कुंडीत ठेवलं. यांनी मशीनच्या बुडाशी असलेलं लाल बटण दाबलं. अडकून तापलं की ते बटण आपोआप बाहेर येतं आणि पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही, हे त्यांनी आडवं पडल्यापडल्याच नणंदेला समजावलं आणि तिने नैवेद्याच्या मंत्रासारखं मन लावून ऐकलं. मग त्यांनी प्लग लावला आणि मला म्हणाले, "चालव." मी नळ सोडला, बटण दाबलं, चक्की सुरळीत फिरली. आम्ही दोघींनी मिळून त्यांना उठवलं. त्यांच्या पाठीला पिवळं पाणी लागलं होतं, सदरा सणाचा होता, आणि ते हसत होते.

पंगत वेळेवर झाली. अंबील थोडं जास्त आंबट झालं, पण कोणी बोललं नाही. नणंदेने येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीला चक्कीची गोष्ट सांगितली आणि प्रत्येक वेळी गोष्टीतून स्वतःचं सूत थोडं थोडं वगळत गेली. शेवटच्या बाईपर्यंत पोचेपर्यंत चक्की आपोआपच बिघडली होती आणि दादाने ती सुधारली होती.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या, पोतं गळ्यात घालून झालं, नणंद गोंदियाला गेली. घर एकदम मोठं वाटायला लागलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिंकपाशी उभी होते. निर्माल्य वेगळं ठेवलं होतं, काकडीच्या साली आणि कोथिंबिरीच्या काड्या सिंकमध्ये होत्या. हे गॅलरीतून पाणी प्यायला आत आले. मला विचारायचं होतं, पण तोंडात शब्द फिरत राहिले. इतक्या वर्षांत मी या माणसाला हजार गोष्टी सांगितल्या, विचारल्या मात्र फारच कमी.

"चक्की तुमी चालवता का?" मी म्हटलं. "जमते का तुमाले?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. सवयीने मी 'जमत नसेल तर राहू द्या' म्हणणार होते, पण ते शब्द मी गिळले आणि थांबले. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते.

"चालवतो," ते म्हणाले. "पन डाव्या हातानं. आन् आत काही अडकलं तं तुले आवाज देईन, तूच काढजो. माह्या या बोटाइले समजत नाही आता."

झटका आल्यापासून हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं. मला रडू आलं की मी ओरडते, हे साऱ्या घराला माहीत आहे.

"मंग उभे कावून राहिले?" मी ओरडले. "नळ सोडा आधी!"

"सोडतो ना वो, बाई," ते म्हणाले.

मी डोळे पुसले, पेपर उचलला आणि गॅलरीत त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसले. आतून नळाचा आवाज आला, मग चक्कीचा. मी उठून पाहायला गेले नाही.